मॅडमचे मालक

नवरा बायकोबरोबर नांदायला येतो, हे आमच्या गल्लीनं त्या पावसाळ्यात पहिल्यांदा पाहिलं. बायकांचं काही नवल नाही. मीही श्रीगोंद्याहून लग्न होऊन नेवाशाला आले आणि इथलीच होऊन गेले. पण सहा फुटी गोरापान गडी, दोन्ही हातांत बॅगा, काखेत उशी, आणि पुढं त्याची बायको मोबाईलवर कारखान्याच्या माणसांना ठणकावत चाललेली, असलं काही आम्ही कुठं पाहिलेलं? समोरच्या सगळ्या खिडक्या धडाधड उघडल्या.

मॅडम पोलंडच्या. जवळच्या एका साखर कारखान्यात त्यांच्या कंपनीची नवी यंत्रं बसवायची होती आणि पुढचे दोन हंगाम ती चालवून द्यायची होती. आमचा वरचा मजला रिकामा होता, आणि मी शाळेतून रिटायर झालेली बाई, म्हणजे मला इंग्रजी येणारच, असं कारखान्याच्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. येतं म्हणजे काय, चौथीपर्यंतचं येतं. पण चौथीच्या इंग्रजीत जगातलं बहुतेक सगळं बोलता येतं, हे मला या जोडप्यानं शिकवलं.

पहिल्याच संध्याकाळी गल्लीतल्या बायकांनी मला गेटवर गाठलं. 

"बाई, त्ये काय करत्यात?"

"काही नाही करत. मॅडमबरोबर आलेत."

"कायच न्हाई? मग हायेत तरी कोन?"

"मॅडमचे मालक," मी म्हटलं, आणि विषय संपवला. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात. आमचे मालक बाहेरगावी गेलेत, आमच्या मालकांना वांगं चालत नाही. झालं, त्या दिवसापासून अख्ख्या नेवाशात त्याला दुसरं नाव राहिलं नाही. पुढं त्याला या शब्दाचा अर्थ कळला तेव्हा तो जिन्यावर बसून पोट धरधरून हसला. व्हिसाच्या कागदावर म्हणे त्याला बायकोवर अवलंबून असलेला माणूस म्हटलं होतं आणि इथं नोकरी करायची त्याला परवानगीच नव्हती. "तिकडं अवलंबून आणि इथं एकदम मालक! बाई, तुमचं गाव चांगलं आहे."

आता नवीन नांदायला आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? "करमतं का?" जो तो त्याला तेच विचारायचा. दूधवाला विचारायचा, मेडिकलवाला विचारायचा, आमची भांडीवाली तर रोज विचारायची. त्यानं तो शब्द मोबाईलमध्ये घातला, तर मोबाईलनं सांगितलं, करमणूक. मग कोणीही "करमतं का?" म्हटलं की हा गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "टीव्ही न्हाई. पुस्तक हाय." भांडीवालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, ह्येंच्या डोस्क्याला काय झालंय का वो?"

दुसरी गंमत याहून भारी. मी आमच्या ह्यांना हाक मारते ती "अहो" म्हणून. सगळ्याच बायका मारतात. याला वाटलं, घरमालकाचं नावच अहो! सकाळी सकाळी वरून आवाज यायचा, "अहो! ओ अहो! गुड मॉर्निंग!" आणि आमचे हे खाली पेपर वाचता वाचता लाजून लाल. मी त्याला समजावून सांगायला गेले, तर हेच म्हणाले, "राहू दे गं, त्यो किती गोड म्हनतो." इतकी वर्षं मी म्हणत आले, तेव्हा कधी गोड लागलं नाही ते!

पण त्या दोघांचं जमलं ते दुसऱ्याच कारणानं. आमचे हे एसटीचे ड्रायव्हर होते. हा तिकडे ट्राम चालवायचा. बायकोला इकडं यायची संधी मिळाली म्हणून बिनपगारी रजा टाकून आलेला. मी मध्ये बसून दुभाषी. ह्यांनी हवेत स्टेरिंग फिरवून दाखवलं, तर त्यानं मान हलवली.

"ट्रामला स्टेरिंग नसतं म्हणे," मी सांगितलं.

"स्टेरिंग न्हाई? मग वळवतो कशी?"

"रूळ वळतात तशी ती वळते."

ह्यांनी हवेतलं स्टेरिंग सोडून दिलं. "मग ह्यो आत बसतो कशाला?"

हे मी काही इंग्रजीत सांगितलं नाही. पण त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं. तो म्हणाला, थांबायला. ट्राम चालते आपोआप, थांबवायला ड्रायव्हर लागतो. आणि हेही म्हणाला, "थांब्यावर माणूस नसला तरी गाडी थांबते. नाहीतर तो थांबा कसला?" यावर आमच्या ह्यांनी पेपर उघडून तोंडापुढं धरला. नोकरीत असताना हात केलेली किती माणसं ह्यांनी धुरळ्यात मागं टाकली असतील, देव जाणे.

मग श्रावणात एका सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी अडकवून, गेटबाहेर पडला. गिरणीपाशी जाऊन थांबला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, जरा उभा राहिला आणि पुढं निघाला. मेडिकलपाशी थांबला. एसटी स्टँडपाशी थांबला. पुलाकडं जाणाऱ्या फाट्यावर थांबला. माउलींच्या मंदिरापर्यंत गेला आणि तसाच थांबत थांबत परत आला. जेवला आणि पुन्हा निघाला. रोज! ऊन असो, पाऊस असो, रविवार असो. माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. अगं बाई, हा ट्राम चालवतोय! गाडी नाही, रूळ नाहीत, तरी याची ड्यूटी चालू.

मोटारसायकलवाली पोरं थांबून विचारायची, "मालक, सोडू का? गाडी बंद पडली का?" आणि हा छाती काढून सांगायचा, "न्हाई. मीच गाडी."

सगळं गाव खो खो हसलं, मीही हसले. पण आमच्या पलीकडच्या आळीतली एक आजी हसली नाही. तिला मोतीबिंदूमुळं अंधुक दिसायचं, मुलगा-सून कामावर, आणि ट्रक-ट्रॅक्टरांमधून रस्ता ओलांडून मंदिरात जायचं म्हणजे तिच्या जिवाचं पाणी व्हायचं. एकदा ती गिरणीपाशी काठी टेकून उभी होती. हा येऊन शेजारी थांबला.

"कोन हाय रं? मंदिराकडं चाल्लास का?"

त्याला त्यातलं मंदिर तेवढं कळलं. त्यानं हात पुढं केला. दुसऱ्या दिवशी आजी आधीच गिरणीच्या ओट्यावर येऊन बसलेली. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्यानं तिच्यासाठी पोतं अंथरलं. "टायमावर येती गाडी," ती सगळ्यांना सांगायची. "आन तिकीट न्हाई."

आजीनं सुरुवात केली आणि बायकांना सुचलंच. मालक, जाताजाता दळणाचा डबा ठेवा गिरणीत. मालक, एवढी गोळ्यांची पट्टी आणा मेडिकलमधून. मालक, पोरगा डबा विसरलाय, शाळेत द्या. हा सगळं करायचा, एका अटीवर. गाडी थांब्यावरच थांबणार, मध्ये कुणाच्या दारात नाही. मी स्वतः एकदा गिरणीच्या चार पावलं अलीकडं हात केला, तर माझ्याकडं बघून हसला आणि सरळ निघून गेला. घरमालकीण मी, बरं का! दिवाळीत पाच घरांतून त्याला फराळ आला. चकली दाताखाली मोडली की डोळे मिटून म्हणायचा, "लई भारी."

घोडेगावच्या बाजाराची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ह्यांनी त्याला जनावरांचा बाजार दाखवायला नेलं. एका व्यापाऱ्यानं आपला रुमाल टाकून त्याखाली याचा हात धरला आणि बोटं दाबली. सौद्याची ती रीत आहे, बोलायचं नाही, बोटांनी भाव सांगायचा. याला वाटलं, गाव काय प्रेमळ आहे! यानंही उलट प्रेमानं हात दाबला. त्यानं पुन्हा दाबला, यानं आणखी जोरात दाबला. ह्यांचं लक्ष गेलं तेव्हा लोक म्हशीचं दावं याच्या हातात द्यायला निघाले होते. ह्यांनी हातापाया पडून सोडवलं. नाहीतर माझ्या वरच्या मजल्यावर म्हैस बांधली असती.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. आणि मग माझ्या नणंदेचा नवरा आला.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता, मॅडमना घरी यायला रोज उशीर व्हायचा. रविवार असूनही त्या कामावर गेलेल्या. हा गच्चीवर दोघांचे कपडे वाळत घालत होता. बायकोचे कपडे एकेक झटकून, चिमटे लावून, नीट. नणंदेचा नवरा खाली ओट्यावर चहा पीत वर बघत होता. आणि मोठ्यानं म्हणाला, "ह्यो गडी बायकोच्या जिवावर बसून खातो व्हय? काय जमाना आलाय!"

हे कोण म्हणालं, तर ज्यानं उभ्या जन्मात पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही त्यानं! मी त्याला तिथल्या तिथं झाडलं. पण वर चिमटे लावायचे थांबले होते. तोवर त्याला मराठी बरंच कळायला लागलं होतं.

संध्याकाळी तो खाली आला. "बाई, जीव म्हणजे?"

मी सांगितलं.

"आणि बसून खातो?" तेही सांगितलं. मोबाईलमध्ये त्याला 'जिवावर उठणं' सापडलं होतं आणि तो पांढराफटक पडला होता. त्याला वाटलं, आपण बायकोचा खून करायला निघालोय असं पाहुणे म्हणाले! मग मी मास्तरीण झाले. जिवावर बसलं तर ऐतखाऊ, जिवावर उठलं तर खुनी, जिवावर आलं तर नुसता कंटाळा, आणि जिवावर बेतलं तर देवाचं नाव घ्यायचं. मला वाटलं, हसेल. तो हसला नाही. "म्हणजे मी बसलेला," एवढंच म्हणाला आणि वर गेला.

पुढच्याच आठवड्यात मॅडम माझ्याजवळ जिन्यात येऊन बसल्या, मांडीवर कारखान्याचं हेल्मेट. बोटांवर अख्खा कारखाना नाचवणारी बाई, पण डोळे लाल. तो परत चाललाय, म्हणाल्या. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी विमान आहे, तिकीट काढलंय. तिकडं जाऊन पुन्हा ट्राम चालवणार. 

"तुम्ही अडवा ना," मी म्हटलं.

"कशी अडवू? मीच त्याला इथं आणलं. त्याला जायचं असेल तर मी जाच म्हणणार." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो गेला, तर मला इथं एकटीला राहवणार नाही, बाई. मीही काम अर्ध्यावर टाकून जाईन." 

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. नणंदेच्या नवऱ्याला मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या शाळेतल्या बाईला शोभणाऱ्या नव्हत्या. आमचे हे तर जेवलेच नाहीत. "मला अहो कोन म्हननार आता?" म्हणाले. मी समोर बसलेली असून!

भोगीच्या दिवशी तो बाहेर पडलाच नाही. वर बॅगा भरायचा आवाज येत होता. मी बाजरीच्या भाकरी थापत होते, तेवढ्यात गिरणीवाला धापा टाकत आला.

"बाई, आजी सकाळधरनं बसलीया. ऊन डोक्यावर आलं. पोरगा न्यायला आला तरी उठंना. म्हनती, मालक आल्याबिगर मी हलायची न्हाई."

मी पिठाच्या हातांनीच जिना चढले. मला राग आला होता, कोणावर ते मलाही सांगता आलं नसतं. "अहो मालक! ती म्हातारी गिरणीपाशी बसलीये. काही केल्या हलेना!"

त्यानं हातातला शर्ट खाली ठेवला. "हलेना म्हणजे?"

"म्हणजे हलत नाही! जागची उठत नाही! तुमची वाट बघतेय, दुसरं काय!"

"हलेना," तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, "हलेना." आणि बूट शोधायला लागला.

गिरणीवाल्यानं नंतर सांगितलं, हा पळत गेला, पण गिरणीच्या अलीकडं थबकला, दम घेतला, आणि थांब्यावर नेहमीसारखा हळू चालत आला. आजी उठली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "लेट हाय आज गाडी." दोघं मंदिराकडं गेली. तिकिटाबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही. बॅगा तशाच दाराशी भरून ठेवलेल्या, मी येताजाता वर बघून घेत होते.

संक्रांतीला माझ्याकडं हळदीकुंकू. बायका जमलेल्या, तिळगुळाची ताटं फिरत होती. आजीही आलेली. तिला मी दरवर्षी बोलावते, ती विधवा असली तरी. ज्यांना खटकतं त्यांनी येऊ नये, असं मी स्पष्ट सांगून ठेवलंय. मॅडमना आमंत्रण दिलं होतं, पण त्या कारखान्यातून आल्या नव्हत्या. आणि दारात कोण उभा? इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला.

"मॅडम ड्यूटीवर हाय. म्हणून मी आलो."

हळदीकुंकवाला बाप्या! बायकांनी पदर तोंडात कोंबले. पण आमंत्रण घराला होतं आणि घरातलं माणूस आलं, त्याच्या हिशेबात काही चुकलं नव्हतं. "या, बसा," मी म्हटलं. तो सतरंजीवर लांबलचक पाय कसेबसे दुमडून आजीशेजारी बसला. मी त्याच्या कपाळाला कुंकवाचा टिळा लावला, वाण दिलं, स्टीलची वाटी. मग उखाणे सुरू झाले. प्रत्येकीनं नवऱ्याचं नाव घेतलं, यमकात गुंफून. हा प्रत्येकीच्या तोंडाकडं टक लावून बघत होता आणि शेवटचा शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून बघत होता. तेवढ्यात कुणीतरी ओरडलंच.

"आता मालकांनी नाव घ्यायचं! आमी मालकाचं घेतो, तुमी मालकिनीचं घ्या!"

"घ्या, घ्या!" सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. परवा चाललेल्या माणसाची कसली चेष्टा करता, असं म्हणणार होते, तर त्यानं हात वर केला. डोळे मिटले, घसा खाकरला आणि एकेक शब्द तोलत म्हणाला:

"गिरनीपाशी आजी बसली, लई ऊन, तरी हलेना,
तिकीट टाकलं फाडून, आता सांभाळ मला, हेलेना."

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग जो गलका झाला! अगं बाई, मॅडमचं नाव हेलेना व्हय! इतके महिने सगळ्यांची मॅडम मॅडमच होती. तिकीट मोबाईलमध्ये होतं, ते फाडणार कुठून, पण यमकापुढं ते कोण विचारतो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. आजीनं त्याचा गुडघा चाचपला. "म्हंजी गाडी चालू ऱ्हानार ना रं?"

"व्हय आजी. चालू."

त्याच वेळी मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. पायांत कारखान्याचे बूट, डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर काजळी. त्यांना गोंधळातून आपलं नाव तेवढं ऐकू आलं होतं. घाबरून त्यांनी मला विचारलं, हा काय म्हणाला?

मी माझं सगळं इंग्रजी गोळा केलं. "तिकीट फाडलं म्हणतो. राहतो म्हणतो. आणि म्हणतो, मला सांभाळ. सांभाळाल का?"

सगळ्या बायका त्यांच्याकडं बघत होत्या. तो खाली सतरंजीवर, कपाळाला टिळा, हातात वाटी, मान वर करून बघत होता. मॅडमनी हेल्मेट काढलं. मराठी त्यांना कारखान्यातल्या कामगारांकडून शिकलेलं एवढंच येत होतं, आणि तेच त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाल्या.

"व्हय."